जिल्ह्याचे नाव किती ठिकाणी लिहिलेले असते? धाराशिव आणि संकेतस्थळांच्या कारभाराचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानात संकेतस्थळांचा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. वेबचे वय ते किती, आणि त्याचा कसला आलाय इतिहास! पण दप्तराचा इतिहास हा कारभाराचा इतिहास असतो, हे आपण मोडी कागद वाचणाऱ्यांकडूनच शिकलो. आज जिल्ह्याच्या दप्तराचा बराच भाग संकेतस्थळावर आहे. तेव्हा आज आपण एकच प्रश्न घेऊ आणि तो एकाच जिल्ह्याला विचारू. जिल्ह्याचे नाव किती ठिकाणी लिहिलेले असते?

जिल्हा अर्थातच धाराशिव.

आधी तारखा सांगून टाकू, कारण पुढचे सगळे त्यांवर उभे आहे. २९ जून २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने उस्मानाबादचे नाव धाराशिव करण्याचा निर्णय घेतला. लगेच सरकार बदलले आणि नव्या सरकारने १६ जुलै २०२२ ला तोच निर्णय पुन्हा घेतला. केंद्राची मंजुरी येऊन २४ फेब्रुवारी २०२३ ला शहराचे नाव बदलले. जिल्हा, उपविभाग, तालुका आणि गाव या महसुली नावांची अधिसूचना मात्र १५ सप्टेंबर २०२३ ची आहे. त्यानंतर ८ मे २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने आव्हान याचिका फेटाळल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

आता यातली एक गंमत पाहा. फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२३ या जवळजवळ सात महिन्यांत शहर होते धाराशिव आणि जिल्हा होता उस्मानाबाद. म्हणजे पत्ता लिहायचा तर ‘मु. पो. धाराशिव, जि. उस्मानाबाद’. नाव बदलणे योग्य की अयोग्य, हा वाद आपल्या आजच्या कक्षेत नाही. त्यावर न्यायालयात दोन्ही बाजूंनी भरपूर बोलून झाले आहे. आमचा रस वेगळ्या गोष्टीत आहे. ज्या कारकुनाला, ज्या संगणक ऑपरेटरला हे नाव प्रत्यक्ष बदलायचे होते, त्याच्या टेबलावर काय वाढून ठेवले होते?

या जिल्ह्याला नाव बदलण्याची सवय जुनीच. निजामाच्या राज्यात हा आधी नळदुर्ग जिल्हा होता. पुढे मुख्य ठाणे धाराशिवला आले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद झाले. पण तोंडातले धाराशिव गेले नाही, आणि इंग्रजी कागदांतही ते तऱ्हेतऱ्हेने उतरत राहिले. जेम्स बर्जेस यांनी इथल्या लेण्यांची पाहणी केली, त्यांच्या १८७८ च्या अहवालात ते जवळजवळ ‘धारासिंवा’ असे वाचावे लागते. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामाचे राज्य गेले, १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला आणि नकाशाचा मोठा तुकडा गेला. दर वेळी शिक्के बदलले, पाट्या बदलल्या, रजिस्टरांची डोकी बदलली. दर वेळी आतली जुनी पाने मात्र तशीच राहिली.

आणि ती तशीच राहायला हवी होती, हा मुद्दा पक्का लक्षात ठेवा.

महसूल खात्यात याची फार सुंदर रीत आहे. सातबारावर खातेदाराचे नाव बदलते तेव्हा जुने नाव खरवडून काढत नाहीत. फेरफार रजिस्टरात नोंद होते, तिला क्रमांक पडतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि सातबारावर जुन्या नावाला कंस होतो. कंसातले नाव आज मालक नाही, पण कालपर्यंत होते, आणि कोणत्या नोंदीने गेले ते बाजूच्या क्रमांकावरून कळते. बदल करायचा, पण पुसायचे नाही. शेतकऱ्याला हे कुणी शिकवावे लागत नाही; ‘फेरफार ओढला का?’ हा प्रश्न गावात रोज विचारला जातो.

हे आम्ही एवढ्या विस्ताराने का सांगतो आहोत? कारण संकेतस्थळे सुरुवातीला नेमके हेच करू शकत नव्हती.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात सर्न या संशोधन संस्थेत वेब उभे केले, तेव्हा एक पान म्हणजे एक फाईल होती. मजकूर, त्याचा आकार, शीर्षक, दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा, सगळे एकाच फाईलमध्ये कालवलेले. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. जिल्ह्यांची संकेतस्थळे त्यानंतरची. मात्र जिल्हा पातळीवर संगणक त्याआधीच पोहोचला होता. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र, ज्याला सगळे एनआयसी म्हणतात, त्याची स्थापना १९७६ ची. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात या केंद्राने उपग्रहाच्या जाळ्यातून देशभरातल्या जिल्हाधिकारी कार्यालयांत आपली खोली मिळवली. जिल्हा सूचना-विज्ञान अधिकारी हे पद तिथलेच. पुढे जिल्ह्याचे संकेतस्थळ आले तेव्हा ते साहजिकच त्या खोलीत गेले. उस्मानाबाद डॉट एनआयसी डॉट इन हा जुना पत्ता काहींना आठवत असेल. जिल्ह्याचे नाव केंद्राच्या नावाला जोडलेले, जणू ‘अमुक यांच्या मार्फत’.

या व्यवस्थेत कारभार कसा चालायचा? आस्थापना शाखेला भरतीची सूचना टाकायची आहे. शाखा पत्र लिहिणार, ते एनआयसीच्या खोलीत जाणार, तिथले एक-दोन जण फाईल उघडून हाताने मजकूर चढवणार, सर्व्हरवर पाठवणार. पुन्हा निविदा शाखेचे पत्र. पुन्हा निवडणूक शाखेचे. जिल्हाधिकारी बदलून गेले की पहिल्या पानावरचे नाव बदलायचे, निर्देशिकेतले बदलायचे, ‘संपर्क’ पानावरचे बदलायचे, आणि चौथ्या पानावरचे राहून जायचे. चौथ्या पानावरचे राहून जाणे हा त्या काळातल्या संकेतस्थळांचा स्थायीभाव होता. जगभर हेच होते. त्या एका माणसाला इंग्रजीत वेबमास्टर म्हणत. मास्टर कसला, अडलेला हमाल.

मराठीचे हाल तर विचारूच नका. नव्वदीच्या दशकात देवनागरी फॉन्ट अनेक होते आणि एकाचे दुसऱ्याशी पटत नव्हते. सरकारी कचेरीत एका फॉन्टमध्ये टंकलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की अक्षरांच्या जागी रोमन कचरा दिसायचा. पुण्याच्या सी-डॅकने यावर मोठे काम केले, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय प्रमाणही आले, पण वेबपुरता खरा प्रश्न सुटला तो युनिकोडने. आणि तोवर ज्यांनी पाने चढवली त्यांनी एक पळवाट काढली होती: मराठी मजकुराचा फोटो काढायचा आणि तोच चिकटवायचा. दिसायला मराठी, पण संगणकाच्या लेखी ते चित्र. त्यात ‘उस्मानाबाद’ हा शब्द शोधून सापडत नाही, मग बदलायचा कसा?

तर, मोठमोठ्या संस्थांना हे कोडे आधीच पडले होते. नव्वदीच्या मध्यावर सीनेट या अमेरिकी बातमी संस्थेला रोज इतकी पाने काढावी लागत की हाताने ती करणे अशक्य झाले. त्यांनी स्वतःसाठी एक यंत्रणा बनवली आणि तिच्यातून व्हिग्नेट या कंपनीचे उत्पादन आले. कल्पना साधी होती. मजकूर एका तक्त्यात ठेवा, त्याचा साचा वेगळा ठेवा, आणि वाचक येईल तेव्हा दोन्ही जोडून पान तयार करा. यालाच कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम म्हणतात, सीएमएस. मराठीत ‘आशय व्यवस्थापन प्रणाली’ असा शब्द आहे, पण कचेरीत तो कुणी बोलत नाही, तेव्हा आपणही सीएमएसच म्हणू.

सुरुवातीला ही यंत्रणा फार महाग होती. ती जिल्ह्याच्या गावापर्यंत यायला फुकटच्या, खुल्या प्रणाली याव्या लागल्या. बेल्जियममधल्या अँटवर्पचा एक विद्यार्थी, ड्रिस बॉयटार्ट, त्याने वसतिगृहातल्या मित्रांसाठी एक संदेशफलक बनवला. त्याला संकेतस्थळासाठी ‘डॉर्प’ हे नाव हवे होते. डच भाषेत डॉर्प म्हणजे गाव, खेडे. टंकताना चूक झाली आणि ‘ड्रॉप’ झाले, थेंब. त्यातूनच पुढे द्रुपल हे नाव आले. जानेवारी २००१ मध्ये ते सगळ्यांसाठी खुले झाले. म्हणजे गाव म्हणायचे होते आणि थेंब झाला! २००३ मध्ये वर्डप्रेस आले. २००५ मध्ये जूमला. या शेवटच्या नावाबद्दल एक सांगायलाच हवे. ते स्वाहिली भाषेतल्या ‘जुमला’वरून घेतले आहे, अर्थ ‘सगळे मिळून’. स्वाहिलीत तो अरबीतून गेला आणि आपल्याकडे फारसीतून आला. जुन्या मराठी जमाखर्चात बेरजेला ‘जुमला’च म्हणत. जूमला वापरणाऱ्या कुणाला हे ठाऊक असेल असे वाटत नाही, पण जुन्या कारकुनाला ते नाव अजिबात परके वाटले नसते.

आता ही यंत्रणा आतून कशी चालते, ते कचेरीच्याच भाषेत पाहू. कनिष्ठ लिपिक टिपणी ठेवतो. अव्वल कारकून तपासतो. नायब तहसीलदार मसुदा दुरुस्त करतो. सक्षम अधिकारी मंजुरी देतो. मग जावक क्रमांक पडतो आणि पत्र बाहेर जाते. सीएमएसमध्ये हेच आहे: एकाला लिहिण्याचा अधिकार, दुसऱ्याला तपासण्याचा, तिसऱ्याला प्रसिद्ध करण्याचा. ज्याचा त्याचा पासवर्ड वेगळा. कुणी, केव्हा, काय बदलले याची नोंद आपोआप राहते, आणि आधीचा मजकूर पाहिजे तर परत आणता येतो. हा झाला फेरफार. मजकूर एका जागी असल्यामुळे अधिकाऱ्याचा फोन निर्देशिकेत एकदा बदलला की जिथे जिथे तो दाखवला जातो तिथे तिथे बदलतो. चौथे पान राहून जात नाही.

पण आमच्या मते सगळ्यात मोठा बदल तंत्राचा नव्हता. पान बदलण्याची किल्ली एनआयसीच्या खोलीतून निघून संबंधित शाखेच्या टेबलावर आली, हा तो बदल. ज्याच्याकडे माहिती आहे त्यानेच ती चढवायची. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की ‘एनआयसीवाल्यांनी टाकले नाही’ हे उत्तर देण्याची सोय गेली.

आणि ही सोय जाणे का महत्त्वाचे होते, ते कायद्यात पाहा. २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम, कलम ४. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबींची माहिती, कुणी अर्ज न करता, स्वतःहून प्रसिद्ध करायची आणि ती वेळोवेळी अद्ययावत करायची. साधनांमध्ये इंटरनेटचा उल्लेख त्याच कलमात आहे. मग २०१३ चा भूसंपादन कायदा. त्याच्या कलम ११ प्रमाणे प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, दोन दैनिकांत, ग्रामपंचायतीत वगैरे लावायची, तशी ती शासनाच्या संकेतस्थळावरही चढवायची. आता हा मुद्दा धाराशिवला लावा. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग. त्यासाठी जमिनी संपादित होतात. शेतकऱ्याच्या गटाचा क्रमांक यादीत आहे का, हरकतीची मुदत कधी सुरू झाली, कधी संपते, हे त्याला कळायला हवे. तो पुण्यात हडपसरला कामाला असेल, ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेला असेल. चावडीवरचा कागद त्याला दिसणार नाही. या जिल्ह्यातून किती माणसे पोटासाठी बाहेर असतात, हे तुम्हाला माहीत आहे. तो मोबाईलवर पाहणार. तेव्हा संकेतस्थळ हे शोभेचे राहत नाही, तीही एक चावडीच असते. सूचना उशिरा चढली तर मुदतीतले त्याचे दिवस गेले.

याच्याशी जोडलेला एक लहानसा तपशील तुम्ही कोणत्याही जिल्ह्याच्या संकेतस्थळावर पाहू शकता. सूचनांच्या तक्त्यात शीर्षक, वर्णन, प्रारंभ तारीख, समाप्ती तारीख आणि फाईल असे रकाने असतात. समाप्तीची तारीख उलटली की सूचना चालू यादीतून निघते आणि संग्रहात जाते. कुणी हाताने काढत नाही. हे दोन तारखांचे रकाने म्हणजे सीएमएसने कचेरीला लावलेली शिस्त आहे. पूर्वी संकेतस्थळांवर तीन-तीन वर्षांपूर्वीच्या निविदा ‘नवीन’ अशा चमकत्या चिठ्ठीसह लटकलेल्या असत. हसू नका, अजूनही काही ठिकाणी असतात.

हे तक्ते सगळ्या जिल्ह्यांत सारखे कसे, असे विचाराल. कारण यंत्रणा एकच आहे. शासकीय संकेतस्थळे कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २००९ मध्ये काढली. तत्त्वे चांगली होती, पण प्रत्येक जिल्ह्याने ती आपापल्या बळावर पाळायची, म्हणजे प्रत्येकाने आपापली विहीर खणायची. मग एनआयसीने एस३वास नावाची सेवा उभी केली. त्यातल्या एका ‘एस’चा अर्थ आहे ‘सुगम्य’; दिव्यांगांनाही वापरता यावे असे. बाकीचे दोन सुरक्षित आणि वाढवता येईल असे. २०१८ च्या सुमारास जिल्ह्यांची संकेतस्थळे या सेवेवर येऊ लागली आणि उस्मानाबादही उस्मानाबाद डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर आले. त्याच वर्षी हा जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही आला होता, महाराष्ट्रातल्या चारांपैकी एक. साचा तयार, सर्व्हर तयार, सुरक्षेची डागडुजी वरून एकाच वेळी. जिल्ह्याने फक्त मजकूर भरायचा.

डागडुजीची बाब किरकोळ समजू नका. ऑक्टोबर २०१४ मध्ये द्रुपलमध्ये एक गंभीर भगदाड सापडले. ते जाहीर झाल्यावर काही तासांतच जगभर आपोआप हल्ले सुरू झाले. ज्यांनी लगेच दुरुस्ती केली नाही त्यांनी आपले संकेतस्थळ फुटले आहे असेच धरून चालावे, असा इशारा त्या प्रकल्पाच्याच लोकांनी दिला. ज्या महाविद्यालयाने किंवा पतसंस्थेने कुणाकडून तरी एकदा संकेतस्थळ बनवून घेतले आणि बनवणारा मुलगा पुढे नोकरीला निघून गेला, त्यांच्याकडे ही दुरुस्ती कोण करणार? आम्हाला असे संस्थाचालक भेटले आहेत ज्यांना आपल्याच संस्थेच्या पत्त्याचे नूतनीकरण कुणाच्या ईमेलवरून होते हे सांगता येत नव्हते. दुसरीकडे नॅकचे मूल्यांकन आले की वार्षिक गुणवत्ता अहवाल संस्थेच्या संकेतस्थळावर हवाच. मग एका रात्रीत सगळे पीडीएफ चढतात आणि पुढे पाच वर्षे कुणी फिरकत नाही. सीएमएस असणे आणि ते चालवणे यांत इतके अंतर आहे.

एकसारख्या साच्याचा तोटाही आहे, तो लपवू नये. नळदुर्गचा किल्ला, तेरचे संग्रहालय, परांड्याचा भुईकोट, तुळजाभवानीचे मंदिर: एवढा ऐवज असलेला जिल्हा त्याच चौकटीत बसतो ज्यात देशातला दुसरा कोणताही जिल्हा बसतो. शिवाय या साच्यांची रचना इंग्रजीत आधी झाली आणि मराठी मागून आली, हे मथळ्यांच्या भाषेवरून लगेच कळते. इंग्रजी पान आणि मराठी पान ही जोडी यंत्रणेत बांधलेली आहे, हे उत्तमच. पण जोडीतल्या मराठी पानाची काळजी कुणी घ्यायची, हे यंत्रणा ठरवत नाही.

आता पुन्हा २०२३ कडे येऊ. नाव बदलायचे आहे. यंत्रणेत शोधा-आणि-बदला अशी सोय असते. ‘उस्मानाबाद’ शोधा, ‘धाराशिव’ घाला, एक कळ दाबा, झाले काम! असे वाटते खरे. करून पाहा मनातल्या मनात.

पहिला फटका उस्मानाबादी शेळीला. ही शेळीची नोंदलेली जात आहे, दुष्काळात तगणारी, बहुधा जुळी देणारी, मराठवाड्याच्या अल्पभूधारकाचा खराखुरा बँक खाते क्रमांक. तिचे नाव अधिसूचनेने बदललेले नाही. कळ दाबली तर पशुसंवर्धनाच्या पानावर ‘धाराशिवी शेळी’ अवतरणार. दुसरा फटका निवडणूक शाखेला. लोकसभेचा मतदारसंघ उस्मानाबाद, विधानसभेचाही उस्मानाबाद. मतदारसंघांची नावे परिसीमनाच्या आदेशातली आहेत आणि महसूल खात्याच्या अधिसूचनेने ती बदलत नाहीत. २०२४ च्या दोन्ही निवडणुका याच नावाने झाल्या. म्हणजे एकाच पानावर ‘जिल्हा धाराशिव’ आणि ‘४० उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघ’ दोन्ही हवे, आणि दोन्ही बरोबर. तिसरा फटका इतिहासाला: ‘मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून या शहराला उस्मानाबाद हे नाव मिळाले’ या वाक्याचे काय होईल ते तुम्हीच पाहा. चौथा, जुने आदेश. २०१९ चा आदेश ‘जिल्हाधिकारी, उस्मानाबाद’ यांनी काढला. तो आज धाराशिवच्या नावाने दाखवला तर तो बनावट दस्तऐवज होईल.

तेव्हा काम कळ दाबण्याचे नव्हते, निवडण्याचे होते. आणि निवडता येते ते केव्हा? माहिती जर वेगवेगळ्या रकान्यांत असेल तेव्हा. कचेरीचे नाव हा एक रकाना, शहराचे नाव दुसरा, मतदारसंघ तिसरा, आणि आदेशाचा मूळ मजकूर तर हातच लावायचा नाही असा. त्या सात महिन्यांत, जेव्हा शहराचे नाव बदलले होते आणि जिल्ह्याचे नव्हते, तेव्हा तर हा भेद रोजच्या रोज लागत होता. नीट रकाने पाडलेल्या यंत्रणेत वरची पाटी एका ठिकाणी बदलते आणि सगळ्या पानांवर उतरते. ज्या जुन्या पानांत सगळे कालवलेले होते तिथे माणूसच बसवावा लागतो.

जिथे सीएमएसचा हात पोहोचत नाही अशा दोन जागा राहतात. एक, स्कॅन केलेले पीडीएफ. सही-शिक्क्याचा कागद यंत्रात घालून त्याचा फोटो चढवायचा, ही आपल्या कचेऱ्यांची आवडती रीत. सहीला महत्त्व आहे, मान्य. पण अशा कागदातला शब्द शोधात येत नाही, आणि अंध वाचकाचे वाचक-सॉफ्टवेअर तिथे मुके होते. ‘सुगम्य’ नावाच्या यंत्रणेवर हे कागद रांगेने बसलेले पाहिले की त्या शब्दाची दया येते. राज्य शासनाच्या निर्णयांची रीत यापेक्षा बरी आहे: प्रत्येक निर्णयाला तारखेने सुरू होणारा लांब संकेतांक असतो, तो निर्णयाच्या शेवटी छापलेला असतो, आणि कागद हातात असला की संकेतस्थळावर मूळ गाठता येते. आवक-जावक क्रमांकाचाच हा पणतू.

दुसरी जागा म्हणजे पत्ता. पानावरचे नाव बदलले, पण पानाचा पत्ताच उस्मानाबाद नावाचा असेल तर? एनआयसीचा पत्ता गेला, गव्ह डॉट इनचा आला; नाव बदलले की तोही जुना. अशा जुन्या पत्त्यांवरचे दुवे किती ठिकाणी गेलेले असतात याचा विचार करा: बातम्यांत, शोधप्रबंधांच्या तळटीपांत, न्यायालयात जोडलेल्या परिशिष्टांत, कुणा मुलाने भरतीसाठी जपून ठेवलेल्या संदेशांत. जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर नेण्याची सोय असते, तिला रीडायरेक्ट म्हणतात. पोस्टमन जसा जुन्या घरी आलेले पत्र नव्या घरी नेऊन देतो तसेच. पण पोस्टमनला कुणीतरी सांगून ठेवावे लागते आणि ते सांगणे चालू ठेवावे लागते. जुन्या पत्त्याचे नूतनीकरण थांबले की पत्र परत. सातबारावरच्या कंसाला जो मान आहे तो जुन्या पत्त्याला अजून आपल्या कारभारात मिळालेला नाही, हे आम्हाला खटकते. नाव बदलताना नव्या पाटीचा खर्च मंजूर होतो. जुना पत्ता जिवंत ठेवण्याचा खर्च फार थोडा असतो आणि नेमका तोच कुणाच्या टिपणीत येत नाही.

बाकी नावे आपापल्या चालीने बदलत आहेत. जिल्हा न्यायालयांची संकेतस्थळेही याच एस३वास यंत्रणेवर आली. रेल्वे स्थानकाची पाटी २०२५ मध्ये धाराशिव झाली. मतदारसंघ अजून उस्मानाबाद आहे. शेळी तर उस्मानाबादीच आहे, आणि तिच्या बाजारात या प्रश्नाबद्दल कुणाची काही हरकत ऐकू आलेली नाही.

वेळ झाली आहे. प्रश्न बरेच आलेले दिसतात, त्यांत दोन-तीन फॉन्टविषयीचे आहेत; तिथूनच सुरुवात करू.